दहा महिने, चार जुने संगणक: वाचनालयात एमएक्स लिनक्स आणि अँटीएक्स वापरल्यानंतर

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या वाचनालयातल्या चार संगणकांवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. आज डिसेंबर आहे. मधल्या काळात मे महिन्याची सुट्टी गेली, कोकणातला अख्खा पावसाळा गेला, वीज किती वेळा गेली याची तर मोजदादच नाही. रोज पंधरा-वीस मुलं आणि पाच-सहा मोठी माणसं ही यंत्रं हाताळतात. म्हणून आता लिहायला बसले. आठवडाभर वापरून लिहिलेल्या अनुभवावर दुसऱ्याने विसंबू नये असं मला वाटतं.

मी या वाचनालयाची कार्यवाह. संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. नोकरीत जेवढं वापरलं तेवढंच येत होतं, बाकीचं भाच्याने फोनवरून शिकवलं आणि उरलेलं करता करता आलं. हे आधी सांगते, कारण "लिनक्स आपल्याला जमेल का" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

यंत्रं अशी: तीन संगणक एकसारखे, कोअर टू ड्युओ ई७५००, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क. २०१० च्या सुमाराला गावोगावच्या दुकानांत जुळवून मिळायचे तेच. चौथा पेंटियम ४, १ जीबी रॅमचा, निव्वळ ३२ बिट, म्हणजे आजची ६४ बिट सॉफ्टवेअर न चालवणारा जुना प्रोसेसर. तो एका निवृत्त गुरुजींनी दिलेला. तिन्ही मोठ्या संगणकांवर विंडोज ७ होतं, ज्याची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबली. सुरू करून कामाला लागेपर्यंत चार मिनिटं जायची, ब्राउझर उघडला की माउस अडखळायचा. तालुक्याला चौकशी केली तर चारही बदलायला दीड लाखाच्या आसपास सांगितले. क वर्गाच्या वाचनालयाला हे परवडत नाही. समितीच्या बैठकीत संगणक भंगारात द्यायचा विषय निघाला तेव्हा मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

निवड करताना तीन-चार प्रकार पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. इन्स्टॉल न करता असं पाहता येतं, मूळ डिस्कला धक्का लागत नाही, ही लिनक्सची फार मोठी सोय. पपी लिनक्स सगळ्यात चपळ वाटलं, कारण ते स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये उचलून घेतं. पण एकाच माणसाच्या हाताखाली राहावं अशी त्याची घडण आहे, रोज वीस वेगवेगळे हात लागणार तिथे मला ते धोक्याचं वाटलं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती दिसायला छान, पण तिथे २ जीबी ही किमान अट आणि ४ जीबीची शिफारस. लुबुंटूही चाललं असतं. शेवटी तीन मोठ्यांवर एमएक्स लिनक्स २३, एक्सएफसीई, आणि पेंटियमवर अँटीएक्स २३ असं ठरवलं. दोन्ही डेबियन १२ या मूळ लिनक्सवर आधारलेली आणि दोघांचं नातंही जवळचं: एमएक्स हे अँटीएक्स आणि जुन्या मेपिस या दोन गटांनी मिळून सुरू केलेलं काम आहे.

एमएक्स घेण्याचं खरं कारण मात्र वेगळं, आणि ते मला महिनाभराने कळलं. त्यात 'एमएक्स स्नॅपशॉट' नावाचं साधन येतं. मी एका संगणकावर सगळं मनासारखं लावलं: मराठी कीबोर्ड, फॉन्ट, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन, लहान मुलांसाठी टक्स पेंट. मग स्नॅपशॉटला सांगितलं की या चालू संगणकाचीच आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करता येईल अशी पूर्ण नक्कल, बनव. ती पेन ड्राइव्हवर लिहिली आणि उरलेल्या दोन संगणकांवर तीच इन्स्टॉल केली, प्रत्येकी पंचवीस मिनिटांत. तिन्ही यंत्रं हुबेहूब सारखी झाली. ऑगस्टमध्ये एकाची डिस्क त्रास द्यायला लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. नवीन डिस्क बसवून त्याच पेन ड्राइव्हवरून संध्याकाळी संगणक पुन्हा चालू केला, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं नेहमीसारखी येऊन बसली. ज्यांच्याकडे एकच संगणक आहे त्यांना या गोष्टीचं महत्त्व कदाचित जाणवणार नाही, पण शाळा, वाचनालय, क्लास चालवणाऱ्यांनी फक्त एवढ्यासाठी एमएक्स पाहावं.

आता वेगाचं. नुसता डेस्कटॉप उघडून काही न करता बसलं तर आमच्याकडे साधारण ६०० एमबी रॅम लागते. २ जीबीमध्ये हे निभतं. पण फायरफॉक्स उघडून एखादं बातम्यांचं संकेतस्थळ आणि एक व्हिडिओ लावला की उरलेली रॅम तिथेच संपते. ही गोष्ट हलकं लिनक्स सुचवणारे फार कमी वेळा मोकळेपणाने सांगतात. ऑपरेटिंग सिस्टीम कितीही हलकी असो, आजची वेब पानं हलकी नाहीत. पहिले दोन महिने मी "एका वेळी तीनच टॅब" अशी चिठ्ठी प्रत्येक पडद्याला चिकटवली होती. झेडरॅम चालू केल्यावर थोडा आराम पडला. त्यात रॅमचाच एक भाग दाबून, घडी घालून वापरला जातो आणि डिस्कवर जावं लागत नाही. तरी मूळ दुखणं राहिलंच.

एप्रिलमध्ये भाचा मुंबईहून येताना लॅमिंग्टन रोडवरून डीडीआर२ च्या २ जीबीच्या तीन वापरलेल्या पट्ट्या, साडेतीनशेला एक, आणि १२० जीबीच्या तीन एसएसडी (काही न फिरणाऱ्या, वेगवान डिस्क), अकराशेला एक, घेऊन आला. एकूण खर्च साडेचार हजारांच्या आत. जी३१ वर ४ जीबीच्या पुढे रॅम बसत नाही, त्यामुळे तिथे यंत्राची कमाल झाली. एसएसडीचा पूर्ण वेगही हा जुना बोर्ड घेऊ शकत नाही, पण फिरत्या डिस्कशी तुलनाच नको. सुरू होण्याचा वेळ एक मिनिट वीस सेकंदांवरून पस्तीस सेकंदांवर आला. चिठ्ठ्या काढून टाकल्या. व्हिडिओ ४८० पीवर सुरळीत चालतात, ७२० पीला प्रोसेसरवर ताण येतो, त्याच्यावर जाऊ नये. माझा सल्ला विचाराल तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलायच्या दिवशीच एसएसडी बसवा, माझ्यासारखे दोन महिने घालवू नका.

आणि आता मराठी. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. ज्या संगणकावर मराठी नीट लिहिता-वाचता येत नाही तो आमच्या वाचनालयाच्या कामाचाच नाही.

टंकलेखनासाठी आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजं टाकली. भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड इनस्क्रिप्टही मिळाला आणि इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धतही. मी इनस्क्रिप्टवाली. 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. ऱ्य असा सरळ उमटतो, 'र्य' होत नाही. बारीक गोष्ट आहे, पण 'आचार्य' आणि 'वाऱ्यावर' यांतला फरक न कळणाऱ्या यंत्रावर दाखल नोंदवही ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट शोधायला मला आठवडा लागला, म्हणून इथे सविस्तर देते. लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ल आणि श हे हिंदी वळणाचे दिसत होते. मुलांच्या पाठ्यपुस्तकातला ल वेगळा, पडद्यावरचा वेगळा. दोष फॉन्टचा नव्हता. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी (देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) आपोआप हिंदी निवडलेली असते. तिथे मराठी केलं की तोच नोटो सान्स देवनागरी मराठी वळणाचा ल आणि श दाखवू लागतो, कारण दोन्ही वळणं फॉन्टच्या पोटात आधीपासून असतात. पडद्यावर ल बदलला तेव्हा आमच्या ग्रंथपाल ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि स्वतः पाच-सहा वेळा 'शाळा', 'लेखक' लिहून पाहिलं.

जुन्या याद्यांनी मात्र रडवलं. आमची साडेनऊ हजार पुस्तकांची यादी कधी काळी कोणीतरी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. लिनक्सवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट काढला की मजकूर राहतच नाही. रूपांतर करणारं साधन मिळालं, पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे 'सूर्य' चा 'सूयर्' झाला, 'कार्य' चा 'कायर्'. मेच्या सुट्टीत दोन कॉलेजच्या मुली रोज दोन तास बसून एकेक ओळ तपासत होत्या. यात लिनक्सचा दोष नाही, हे काम कधीतरी करावंच लागणार होतं. आता लेखकाचं नाव टाकलं की पुस्तक सापडतं, पूर्वी ते पाठ असलेल्या माणसाला विचारावं लागायचं.

जुलैत एक दिवस ग्रंथपाल ताईंचा फोन आला, "काकू, तीन नंबरवर एकही साइट उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय." बाकीच्या यंत्रांवर इंटरनेट चालू होतं. मी जाऊन केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, काही नाही. अपडेट करायला गेले तर तिथेही फाइल 'अजून वैध नाही' असा संदेश. त्या 'अजून' शब्दावर अडखळले आणि कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं: १ जानेवारी २००९. रात्री वीज गेली होती आणि मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. संगणक स्वतःला २००९ मध्ये समजत होता, म्हणून २०२५ ची सगळी सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला भविष्यातली वाटत होती. चाळीस रुपयांचा सीआर२०३२ सेल बसवला, तारीख दुरुस्त केली, काम झालं. जुनं यंत्र हातात घेताना हा सेल पहिल्याच दिवशी बदलून टाकावा.

जमलं नाही तेही सांगते. आमचा छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर आजही चालत नाही. त्याच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, फार जुना आहे. दोन संध्याकाळी घालवल्या आणि सोडून दिलं. सध्या पीडीएफ करून कार्यालयातल्या लॅपटॉपवरून छापतो. पुढचा प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालणाराच घेणार, आणि विकत घेण्याआधी लिनक्सवर जोडून पाहणार. बोटाचा ठसा घेणारं उपकरण किंवा डिजिटल सहीची टोकन ज्यांना रोज लागते त्यांनी आधी खात्री करून घ्यावी. आमच्याकडे एका सभासदाला त्यासाठी परत पाठवावं लागलं, मला वाईट वाटलं. स्पर्धा परीक्षांचे साधे ऑनलाइन अर्ज, फोटो-सही लहान करणं, निकाल पाहणं, यात मात्र दहा महिन्यांत अडचण आली नाही.

मुलं कशी वागली, असं समिती विचारते. त्यांच्यासाठी 'वाचक' नावाचं वेगळं खातं आहे, त्याला काही इन्स्टॉल करता येत नाही, पासवर्ड फक्त ग्रंथपाल ताईंकडे. चौथी-पाचवीतल्या मुलांना नवीन रचना कळायला एक तास लागला, साठीच्या पुढच्या सभासदांना दोन-तीन दिवस. पावसात इंटरनेट गेलं की किविक्स उघडतात. त्यात मराठी विकिपीडिया डिस्कवर उतरवून ठेवला आहे, ज्याला जोडणीची गरज नाही. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस लाइन बंद होती, तेव्हा एका मुलाने सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा प्रकल्प त्यावरूनच पूर्ण केला.

राहिला पेंटियम. अँटीएक्सने त्याला खरोखर उभं केलं. आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम), सुरू झाल्यावर १८० एमबीच्या आसपास रॅम, आणि देवघेवीच्या नोंदी करायला पुरेसा वेग. ब्राउझर त्यावर लावूच नये, चालतो पण माणसाचा धीर सुटतो. ३२ बिटवाल्यांना मात्र जपूनच सल्ला देईन. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सने या वर्षी १४४ व्या आवृत्तीनंतर सोडलं, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. नोव्हेंबरमध्ये आलेलं एमएक्स २५ सुद्धा फक्त ६४ बिट. म्हणजे तुमच्याकडे कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचं काही असेल तर निर्धास्त पुढे जा, पेंटियम ४ वर आता पैसा घालू नका. आमचा आहे तसा, इंटरनेटची केबल काढून, नोंदींसाठी चालू ठेवणार आहोत.

डेबियन १२ ला नियमित सुरक्षा अपडेट जून २०२६ पर्यंत आहेत आणि त्यानंतर दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत, त्यामुळे एमएक्स २५ ची घाई नाही. मेच्या सुट्टीत आधी एका संगणकावर घालून पाहू, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासू, मग नवीन स्नॅपशॉट. जुना पेन ड्राइव्ह कपाटात नावाची चिठ्ठी लावून ठेवला आहे. शेजारच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक परवा तो मागायला आले होते, त्यांच्याकडे असेच सहा जी३१ धूळ खात पडलेत. खात्यांचे पासवर्ड काढून टाकलेली वेगळी प्रत बनवून शनिवारी घेऊन जाते, म्हटलं. सोबत सहा सेलही.