सीपी असलेल्या मुलाची खुर्ची: पुठ्ठ्याची की प्लायवूडची?
सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर आणि तोलावर नीट ताबा नसणं; अशा मुलाला नीट बसवायचंय, पण खुर्ची कशाची करावी? माप दोन्हीकडे तेच: कंबर, गुडघे, घोटे काटकोनात, गुडघ्यामागे दोन बोटं जागा, ट्रे कोपराच्या उंचीवर. बैठक जास्त खोल झाली की मूल पुढे घसरतं, पोक काढून बसतं. सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच.

पुठ्ठा जवळपास फुकट. पाच-सहा थर, पन्हाळी (पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी नळ्या) आलटून-पालटून उभ्या-आडव्या, मध्ये कणकेची खळ. थर कडकडीत वाळू द्या. आत ओल राहिली तर बुरशी धरते. लघवी झिरपली तर खुर्ची गेलीच, म्हणून वर रेक्झिन हवंच. प्लायवूडला सुतार आणि पैसे लागतात, पण ते वर्षानुवर्षं टिकतं.

मूल झपाट्याने वाढतंय, तर पुठ्ठा. अंग ताठ करून जोरात मागे रेटतं, तर प्लायवूडच.