क्वायर लायब्ररी घेतली, पण झील धरायला माणसंच लागली

कुडाळला घरातच छोटा सेटअप आहे माझा. दशावतारावर बेतलेल्या एका एकांकिकेचं बॅकग्राउंड करत होतो, राक्षसाच्या एण्ट्रीला तीस-चाळीस जणांचा आवाज हवा होता, एवढी माणसं आणायची कुठून म्हणून क्वायरची (समूहगायनाची) सॅम्पल लायब्ररी विकत घेतली, म्हणजे खऱ्या गायकांचे रेकॉर्ड केलेले सूर, कीबोर्डवर वाजवायचे. छोट्या कंपनीची आहे, कॉन्टॅक्ट नावाच्या सॅम्पलर सॉफ्टवेअरमध्ये चालते. डाउनलोडलाच तीन रात्री गेल्या, आषाढातला पाऊस आणि सारखी लाईट जायची.

आ, ऊ आणि तोंड मिटून म्म, हे लांब सूर अप्रतिम आहेत. कीबोर्डवरचं मॉड व्हील (बाजूचं फिरवायचं चाक) हळूहळू वर नेलं की नुसता व्हॉल्यूम वाढत नाही, दबक्या आवाजातलं सॅम्पल जाऊन मोकळ्या गळ्याचं येतं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काटा आला अंगावर. फक्त सगळा कॉर्ड एकाच पॅचवर (एका आवाजाच्या सेटिंगवर) दाबू नका, ऑर्गन वाटतो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास चारही ओळी वेगळ्या वाजवा, वेळ जातो पण माणसं गातायत असं वाटतं.

गाडी अडली शब्दांवर. ईस्टवेस्ट कंपनीच्या सिंफनिक क्वायर्स या लायब्ररीत वर्डबिल्डर आहे, शब्द टाईप केले की क्वायर ते गातो. माझ्या लायब्ररीत तसं काही नाही, ठरलेली लॅटिन वळणाची सिलॅबल्स तेवढी आहेत. त्यातली जवळची जोडून 'रवळनाथा' करून बघितलं तर 'रा-वा-ला-ना-ता' आलं, ळ नाही, थ नाही. पखवाज वाजवणारे काका बाजूलाच बसलेले, म्हणाले, "हो देव खंयचो रे?" आणि झील, म्हणजे मागच्यांनी एकसाथ उचललेली ओळ कशी, समेवर धाडकन पडायला पाहिजे, इथे सूर उमलायलाच वेळ लागतो, प्रत्येक नोट अलीकडे सरकवली तरी ती धडक येत नाही.

मग भजनातले चौघे घरी बोलावले, एकाच माइकसमोर अर्धगोलात उभे केले, तेच तीनदा गाऊन घेतलं, आणि लायब्ररीचे आ-ऊ त्यांच्या खाली ठेवले, लायब्ररीतलं जवळच्या माइकचं रेकॉर्डिंग बंद, फक्त लांबच्या, हॉलच्या माइकचं चालू. आता जे वाजतं ना, त्यात घरातले चार आवाज आहेत हे सांगूनही कोणाला पटत नाही.

लांब सुरांसाठी जरूर घ्या, पण आधी स्पिटफायर कंपनीच्या लॅब्स या सॉफ्टवेअरमधला फुकटचा क्वायर वाजवून बघा, कित्येक कामं त्यातच होतात. मला पुढच्या कामाला बायकांचा कोरस हवाय, वाडीतल्या फुगडीवाल्यांना आत्तापासूनच विचारून ठेवलंय.