‘९.७९*’ : पळाले दहा सेकंद, निस्तरतायत जन्मभर

डॅनियल गॉर्डनची २०१२ ची डॉक्युमेंटरी आहे ही, ईएसपीएनच्या ‘थर्टी फॉर थर्टी’ सीरिजमधली. विषय एकच, २४ सप्टेंबर १९८८, सोल ऑलिम्पिकची १०० मीटर फायनल. कॅनडाचा बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत पळाला, तीन दिवसांत स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं म्हणून गोल्ड काढून घेतलं आणि ते गेलं अमेरिकेच्या कार्ल लुईसकडे, एवढं तर बहुतेकांना माहितीये. मग बघायची कशाला? तर त्या फायनलचे आठच्या आठ जण यात बोलतात म्हणून.

रेस कितीही वेळा बघा, स्टार्टलाच खेळ खल्लास. गन वाजली की जॉन्सन ब्लॉक्समधून चक्क उडीच मारतो, लुईस पळता पळता मान वळवून त्याच्याकडे बघतोय, आणि लाईन यायच्या आधीच जॉन्सनचं बोट वर! लुईसचे ९.९२.

नंतरचा डोप टेस्टच्या खोलीतला किस्सा पण भारी आहे. सॅम्पल द्यायचं तर लघवीच होईना, म्हणून जॉन्सन बिअर पीत बसलेला, लुईसच्या गोटातला एक माणूस पण तिथंच, आणि जॉन्सनचं पालुपद हेच की त्यानंच बिअरमधे काहीतरी टाकलं. अरे पण बाबा, तुझा कोच चार्ली फ्रान्सिस १९८९ ला कॅनडाच्या डोपिंगवरच्या डुबिन चौकशीत शपथेवर सांगून आला की १९८१ पासून स्टेरॉइड चालू होतं, नंतर तू पण तिथंच कबूल केलंस, मग आता बिअरचं काय घेऊन बसलायस? इथं डायरेक्टरनं त्याला अजून धरायला पाहिजे होतं राव.

बाकीचे पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत म्हणा. १९८८ च्याच अमेरिकन ट्रायल्समधे लुईसच्या सॅम्पलमधे स्टिम्युलंट्स, म्हणजे उत्तेजकं, सापडली होती, चुकून गेलं म्हणून सोडून दिलं, आणि ते जगाला कळलं २००३ ला. याच फायनलमधला ब्रिटनचा लिनफर्ड क्रिस्टी १९९९ ला नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडमधे अडकला. आठातल्या सहा जणांचं नाव कधी ना कधी या भानगडीत आलंच, उरले दोघं, ब्राझीलचा रॉबसन दा सिल्वा आणि अमेरिकेचा कॅल्विन स्मिथ.

माझ्यासाठी बघण्यासारखा माणूस हा स्मिथच. १९८३ ला ९.९३ चा वर्ल्ड रेकॉर्ड केलेला, सोलमधे ९.९९ पळूनही चौथा, म्हणजे पोडियमवर पण नाही, मग जॉन्सन बाद झाल्यावर ब्राँझ हातात. गोल्ड माझं असायला पाहिजे होतं असं तो उघड म्हणतो, आणि आदळआपट अजिबात नाही. याच्यावर वेगळी फिल्म केली तरी बघेन मी.

जॉन्सनचं पुढचं मात्र अजून हवं होतं. रोमचा १९८७ चा ९.८३ चा वर्ल्ड रेकॉर्डही गेला, बंदी संपवून परत आला तर १९९३ ला पुन्हा पॉझिटिव्ह आणि कायमची बंदी, म्हणजे एकदा एवढं सगळं होऊनसुद्धा माणूस परत तेच का करतो, खरी गोष्ट तर तिथंय ना.

तरी पाचपैकी चार. फक्त सबटायटल लावून बघा, जॉन्सन थोडा अडखळत बोलतो.