फुकटातला सिंथ मला साडेतीन हजारांना विकला

मी परभणीचा. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. कीबोर्डमधले तयार टोन वाजवून वाजवून कंटाळा आला होता. आपल्या हलगीचा कडाका, गोंधळातल्या संबळाचा घुमारा आपणच घडवावा असं फार दिवस मनात होतं. त्यासाठी कोणता सिंथ, म्हणजे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर, घ्यावा हे मी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं आणि तिथेच अडकलो.

पाचच मिनिटांत एकाचा वैयक्तिक मेसेज आला. "दादा, मोठ्या स्टुडिओत वापरतात तो सेट देतो. तीन सिंथ, चार हजार प्रीसेट, लाईफटाइम लायसन. भाव आज संध्याकाळपर्यंतच." दोन लग्नांची बिदागी नुकतीच हातात आली होती. यूपीआयवरून ३,५०० रुपये पाठवले. एक झिप फाइल आली, सोबत माझं नाव टाकलेलं 'लायसन' आणि एक सूचना: इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा. मी बंद केला. तिसऱ्या दिवशी माझ्या मेलचा पासवर्ड बदललेला होता. तरी मला या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही.

दोन महिने प्रीसेट, म्हणजे आधीच बसवून ठेवलेले आवाज, बदलत बसलो. आवाज भारी होते, पण तो तसा का येतो हे एकाचंही कळेना. मग संभाजीनगरला साउंडचं काम करणारा माझा मावसभाऊ घरी आला. लॅपटॉप बघून म्हणाला, "अरे, हा व्हायटल आहे. हा तर फुकट मिळतो." माझ्यासमोर त्यानं बनवणाऱ्याच्या साइटवरून तो उतरवून दाखवला. उरलेले दोन सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड. तेही फुकट, सोर्स कोडसकट खुले. अँटिव्हायरस चालू केल्यावर त्या झिपमध्ये पासवर्ड चोरणारी फाइल सापडली. विंडोज नव्यानं टाकावं लागलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पण मधे दोन महिने गेले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं, तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे निघून गेले होते.

आता शिकायला कोणता घ्यावा म्हणाल, तर मी व्हायटलच सांगेन. २०२० मध्ये आला. पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीत प्रीसेट आणि वेव्हटेबल (तयार लहरींचे संच) जास्त मिळतात, सिंथ तोच. लाट, फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारा), एन्व्हलप (वेळेनुसार चढउतार ठरवणारा) सगळं पडद्यावर हलताना दिसतं, म्हणून काय केल्यानं काय झालं ते डोळ्यांना कळतं. माझी हलगी मी अशी बसवली: एका ऑसिलेटरवर (मूळ सूर काढणारा भाग) साधी साइन लहर घेतली. एन्व्हलप २ ओढून तिच्या पिचवर टाकला, म्हणजे सूर वरून सुरू होऊन साधारण ४० मिलिसेकंदांत खाली आपटतो. ती झाली थाप. वर काडीचा फटका हवा, म्हणून सॅम्पलरमधला व्हाइट नॉइज (नुसता खरखराट) घेतला आणि त्याचा डिके, म्हणजे विरायला लागणारा वेळ, अगदी तोकडा ठेवला. पहिल्या दिवशी ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजत होती. नॉइजला फिल्टर लावला तेव्हा कुठे कातड्याचा भास आला. त्या एका आवाजानं मला जे शिकवलं ते चार हजार प्रीसेटनी शिकवलं नव्हतं.

सर्ज एक्सटी मोठा आहे, तो नंतर घ्यावा. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या कीबोर्ड सिंथची नक्कल. त्यात सहा ऑपरेटर (लहर काढणारे भाग) एकमेकांत गुंतलेले, एक हलवला की सगळा आवाज बदलतो. सुरुवातीलाच त्यात शिरलात तर वाट सापडत नाही.

मेसेज आला की आधी त्या सिंथचं नाव विचारा आणि बनवणाऱ्याच्या साइटवर जाऊन किंमत बघा. नाव सांगायला टाळाटाळ केली तर बोलणं तिथेच थांबवा. अँटिव्हायरस बंद करा म्हणाला तर फाइल उघडूच नका.

परवा नांदेडच्या एका ढोलकीवाल्यानं मला एक मेसेज पुढे पाठवला, 'घेऊ का?' म्हणून. नंबर वेगळा होता. मजकूर तोच, 'लाईफटाइम लायसन' तसंच लिहिलेलं. भाव चार हजार झालाय. मी त्याला लगेच फोन लावला.