नाट्यप्रवेशाच्या ऑडिशनसाठी घेतलेले ऑनलाइन मार्गदर्शन
माझ्या मुलीने नाट्य अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी ज्या ऑनलाइन वर्गात तयारी केली, त्याची खरी ताकद स्वगतांच्या निवडीत आहे. बऱ्याच संस्था एक अभिजात आणि एक समकालीन अशी भिन्न प्रकृतीची, जेमतेम एक-दोन मिनिटांची स्वगते मागतात. म्हणून शिक्षिकेने रडारडीचा उतारा बाजूला ठेवून, समोरच्याकडून काहीतरी मिळवू पाहणारे पात्र निवडायला लावले. परीक्षक ऐनवेळी सूचना बदलून विद्यार्थ्याची लवचीकता जोखतात, हे ओळखून तेच स्वगत खुर्चीत बसून, अगदी कुजबुजतही करून घेतले. प्राथमिक फेरीच्या चित्रीकरणाचे मार्गदर्शन चोख होते. अर्जासोबतच्या निवेदनावरून मात्र घाईने नजर फिरवली गेली, आणि एवढे शुल्क घेऊन तसे व्हावे, हे मला खटकले.