हॉब्सन-जॉब्सन: विस्मृत अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश संगणकावर वाचताना

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश विनामूल्य वाचता येतो. कर्नल हेन्री यूल आणि मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी आर्थर बर्नेल यांचा हा कोश १८८६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. बर्नेल १८८२ मध्येच वारले होते आणि कामाचा मोठा भार यूल यांनीच वाहिला. संकेतस्थळावर आहे ती विल्यम क्रूक यांनी भर घालून १९०३ मध्ये काढलेली, हजारांहून अधिक पानांची दुसरी आवृत्ती.

हिंदुस्थानात नोकरी-व्यापारासाठी आलेल्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेले, पण आज खुद्द इंग्लंडमध्येही फारसे कुणाला उमगणार नाहीत असे शब्द येथे शेकड्यांनी सापडतात. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ ही हाक गोऱ्या शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ अशी करून टाकली आणि यूल यांनी तेच नाव कोशाला दिले. शोकाच्या हाकेची ही थट्टा आज खटकते. मात्र कोशात पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना या नावातून जितकी येते तितकी दुसऱ्या कोणत्याही नावाने आली नसती. ब्रह्मदेशातून १७५५ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात ‘युवराज’ या शब्दाचे ‘अपर रॉजर’ झालेले पाहून खुद्द यूलही खूश झालेले दिसतात.

नव्याने दाखल झालेल्या, पहिले वर्ष न सरलेल्या साहेबाला ‘ग्रिफिन’ म्हणत. बंगालकडचे गोरे लोक नोकराला सतत ‘कोई है’ अशी हाक मारत, म्हणून ते ‘क्वाय-हाय’ ठरले. मद्रासवाले मुळगतानी या मिऱ्याच्या तिखट सारावरून ‘मल्स’ झाले आणि आपल्या मुंबईचे अधिकारी सुक्या बोंबलाच्या, म्हणजे इंग्रजांच्या ‘बॉम्बे डक’च्या, कृपेने ‘डक्स’ म्हणवले गेले. क्रियापदांची गंमत निराळीच आहे. ‘पकराव’ म्हणजे धरणे आणि ‘फूझिलाव’ म्हणजे गोड बोलून वश करणे, अशी हिंदुस्थानीतील आज्ञार्थी रूपे सरसकट मूळ क्रियापदे म्हणून इंग्रजीत घेतलेली दिसतात. हुकूम सोडण्यापुरतीच भाषा शिकणाऱ्यांच्या हाती दुसरे कोणते रूप लागणार, असे या नोंदी वाचताना वाटून जाते.

मराठी वाचकाने प्रथम उघडावी अशी नोंद मात्र ‘मॉर-द-शिएन’ ही आहे. फ्रेंच वळणाच्या या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होतो आणि जुन्या इंग्रजी लेखनात तो पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी, वापरलेला आढळतो. परंतु कुत्र्याचा येथे काहीही संबंध नाही. ज्याला आपल्याकडील जुनी माणसे अजीर्णाच्या विकारासाठी ‘मोडशी’ म्हणतात, त्या कोकणी-मराठी शब्दाचे पोर्तुगिजांनी ‘मोर्देशिं’ केले आणि पुढे कुणाच्या तरी कानाने त्यात फ्रेंच अर्थ शोधला. यूल यांनी हा प्रवास अवतरणांच्या आधारे दाखवला आहे. गोव्यातील १५४३ च्या साथीचे पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरिया यांनी केलेले वर्णन आणि पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यांच्या १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या ग्रंथातील उल्लेख येथे एका खाली एक वाचायला मिळतात. कालक्रमाने मांडलेली ही अवतरणेच या कोशाचे खरे बळ आहे, कारण व्युत्पत्ती पटली नाही तरी पुरावा समोर असतो आणि वाचकाला स्वतःचे मत बनवता येते. ‘पगार’ हा मुंबईकडे नोकरचाकरांच्या व्यवहारात रूढ असलेला शब्द पोर्तुगीज क्रियापदावरून आला, हेही तेथे थोडक्यात नोंदवलेले आहे.

व्युत्पत्तींवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. एखाद्या गोष्टीची फिकीर नाही असे सांगताना इंग्रज जो ‘डॅम’ उच्चारतो तो ‘दाम’ या नाण्यावरून आला असावा, हा येथील तर्क चटकदार असला तरी पुढील कोशकारांना त्याला पुरावा सापडला नाही. स्थानिक लोकांविषयीचा वरचढपणाचा सूर अनेक नोंदींत डोकावतो आणि क्रूक यांनी चौकोनी कंसात घातलेल्या भरीमुळे काही नोंदींचा ओघ तुटतो.

वापरण्यातील मुख्य अडचण जुन्या वर्णलेखनाची आहे. बोंबील हवा असेल तर तो ‘बमेलो’खाली शोधावा लागतो, आणि हे आधी ठाऊक नसेल तर शब्द कोशात नाहीच असा समज होण्याची शक्यता असते. अशा वेळी केवळ शीर्षशब्दांत न शोधता संपूर्ण मजकुरात शोध घ्यावा. मराठी मूळ दाखवण्यासाठी कोशात ‘महर्’ हा संक्षेप वापरलेला आहे, तोही ध्यानात ठेवावा. त्याच संकेतस्थळावर मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती असल्यामुळे यूल यांनी सांगितलेला मराठी शब्द लगेच पडताळून पाहता येतो. ही सोय छापील प्रतीत मिळत नाही, आणि माझ्या मते मराठी वाचकाने संगणकावरील आवृत्ती निवडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

ज्यांना पुस्तक हाती धरूनच वाचायचे आहे, त्यांच्यासाठी केट टेल्शर यांनी संपादित केलेली ऑक्सफर्डची २०१३ ची आवृत्ती आहे. ती सुटसुटीत आहे, परंतु संक्षिप्त असल्याने तिच्यात पूर्ण कोश मिळत नाही. तेव्हा शब्दांचा माग काढण्याची हौस असलेल्याने ती घेतली तरी पूर्ण आवृत्तीचे संकेतस्थळ हाताशी ठेवावे.