छतावरचं सोलार: पावसाळा काढल्यावर लिहितोय (डिचोली)

गेल्या नोव्हेंबरात बसवलं, आता ऑक्टोबर संपत आला, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, चवथ सगळं बघून झालं. ३ किलोवॅटची ऑन-ग्रिड (म्हणजे वीज खात्याच्या लाईनला, ग्रिडला, जोडलेली) सिस्टीम, ५४० वॅटची ६ पॅनल. कौलांवर वजन टाकायचा धीर झाला नाही म्हणून मागच्या स्लॅबवर घेतली. पीएम सूर्यघरची ७८ हजार सबसिडी थेट बँकेत जमा झाली, त्याबद्दल काही तक्रार नाही.

फेब्रुवारी-मार्चात रोज १३ युनिटपर्यंत मिळायची. मेमध्ये अजून वाढतील असं वाटलेलं, पण ११ च्या वर जाईनात, कारण पॅनल तापलं की वीज कमी बनते, त्याला उजेड हवा असतो, उष्णता नको. आणि जुलै! सलग पाऊस लागला की दिवसाला ३ युनिट, एकदा तर दीडच. उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली युनिटं तेव्हा बिलात वळती झाली म्हणून निभावलं. कोणी तुम्हाला बिल झिरो होतं म्हणून सांगत असेल तर त्याच्याकडे जुलैचं बिल मागा.

सगळ्यात महत्त्वाचं, लाईट गेली की हे सोलारपण बंद. पहिल्यांदा झालं तेव्हा आई म्हणाली, "अरे बाहेर एवढं ऊन, मग पंखा कसा बंद?" मला उत्तरच देता येईना. नंतर कळलं, खांबावर लाईनमन काम करत असताना आपली वीज तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हे बरोबरच आहे आणि असंच असायला हवं, पण इन्स्टॉलरने आधी सांगायला नको का? बॅकअप हवा असेल तर बॅटरीवाली हायब्रिड घ्या, खर्च बराच वाढतो. आम्ही जुना बॅटरी-इन्व्हर्टर तसाच ठेवलाय, दिवे पंखे त्यावर चालतात.

मला मनापासून आवडतं ते दुपारचं. गोव्याची बहुतेक वीज बाहेरच्या राज्यांतून येते, आणि इथे माझ्या स्लॅबवरची जास्तीची वीज शेजारच्या घरातला फ्रीज चालवते, हे ॲपवर बघताना खरंच बरं वाटतं.

साफसफाई सोपी, धुळीच्या दिवसांत पंधरवड्याने पहाटे साधं पाणी, तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात मारू नका. माडाची मात्र काळजी घ्या. थंडीत साडेतीननंतर चुडतांची (झावळ्यांची) सावली दोनच पॅनलवर यायची, पण सगळी वायरीने एकामागे एक जोडलेली, त्यामुळे ॲपवरचा आलेख एकदम खाली. जागा ठरवायच्या आधी डिसेंबरातली सावली कुठे पडते ते बघून ठेवा. आमच्याकडे आता पाडेल्याला (माडावर चढून नारळ-चुडतं काढणाऱ्याला) बोलावलंय, पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय.